बिब्याचे डाग

बाळंतिणीच्या लाडवांत डिंक, खारीक, खोबरे आणि मेथी यांच्याबरोबर मूठभर गोडंबी पडतेच. हिवाळ्यात वडीलधाऱ्यांसाठी हलवा केला तरी वरून गोडंबी पेरली जाते. ही गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, हे पुष्कळांना माहीत असते. तो गर बिब्यातून बाहेर कसा येतो, हे मात्र बिबा फोडणाऱ्याच्या हाताकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्हाला ते हात दोन हिवाळ्यांपूर्वी जवळून पाहावे लागले. त्याची ही हकिकत.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकाचा कुरखेड्यात छोटा युनानी दवाखाना, दुसरी शाळेत शिक्षिका. लेख दोघांचा आहे, कारण चौकशीही दोघांनी मिळून केली. बायकांच्या पोटरीवरचे, पोटावरचे डाग पाहायचे आणि त्यांच्याकडून कामाची खरी माहिती घ्यायची, तर एकट्या पुरुषाने ते जमणारे नव्हते.

कुरखेडा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, सती नदीच्या काठी. रेल्वे पकडायची तर वडशाला जावे लागते. आजूबाजूला जंगल, आणि जंगलावरच निम्म्या घरांचा वर्षाचा हिशोब: उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, पुढे चारोळी, हिरडा, बेहडा, आणि थंडी पडली की बिबा. बिब्याचे झाड आंब्याच्या आणि काजूच्या कुळातले. फळाला खाली नारिंगी रंगाचे मांसल बोंड असते. ते पिकले की पोरे खातात, वाळवूनही ठेवतात. बोंडाच्या टोकाला काळा, चपटा, बदामासारखा बिबा. त्याच्या जाड सालीत काळे, चिकट तेल भरलेले असते आणि त्या सालीच्या आत पांढरा, गोड गर. देवाने गर दिला, पण पहारेकरी बसवून दिला, असे आमच्याकडची एक म्हातारी म्हणते.

तो पहारेकरी किती कडक आहे हे मराठी भाषेलाही ठाऊक आहे. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. बिब्याचे तेल लागून अंगावर फोड आले की त्याला ‘बिबा उतणे’ असा वेगळा शब्दच आहे. दुकानांच्या दारावर लिंबू-मिरची टांगतात, त्यातला काळा मणी हा बिबाच. नजरेलाही त्याची भीती वाटावी, अशी त्यामागची समजूत असावी.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अरबी आणि युनानी वैद्यकात बिब्याला ‘बलादुर’ म्हणतात. स्मरणशक्ती वाढावी म्हणून जुने हकीम तो शुद्ध करून, अगदी मोजून देत. माजून बलादुर या नावाचे औषध युनानीत आजही आहे. नवव्या शतकात बगदादला ‘फुतूह अल-बुलदान’ लिहिणारे मोठे इतिहासकार होऊन गेले, ज्यांच्या ग्रंथात मुहम्मद बिन कासिमच्या सिंध मोहिमेचीही हकिकत आहे. त्यांना बलाज़ुरी हे नाव या बिब्यावरूनच पडले. घराण्यातल्या कोणी तरी, काहींच्या मते आजोबांनी तर काहींच्या मते त्यांनी स्वतः, बलादुराचा रस घेतला आणि बुद्धी फिरली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या लोकांनाही हे फळ जपून हाताळायचे असते एवढे माहीत होते. म्हणून सांगतो, कोणाच्या सांगण्यावरून कच्चा बिबा पोटात घेऊ नका. मूत्रपिंडावर बेतू शकते.

आता त्या हिवाळ्याकडे येतो.

जानेवारीत एक आई आपल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीची मंगनी झालेली होती. आईने दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, “डाक्टर साब, लडकेवाले बोल रहे, इसको दाग है.” मुलीच्या बोटांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि डाव्या डोळ्याच्या पापणीवर काळपट चट्टे होते. काहींवर खपली, दोन-तीन ठिकाणी पाण्याचे फोड.

चंद्रपूर-गडचिरोलीत ‘डाग’ हा शब्द साधा नाही. कुष्ठरोग इथे अजून संपलेला नाही. वरोऱ्याचे आनंदवन याच मुलखात उभे राहिले ते उगाच नव्हे. अंगावर चट्टा दिसला की लोक आधी तेच मनात आणतात आणि मग तोंडाने काही न बोलता येणे-जाणे कमी करतात. त्यात या घरात बाप आणि मोठा भाऊ दोघेही खाजवत होते. त्यामुळे शेजारपाजारचा निकाल लागलाच होता: सगळ्या घराला लागले आहे.

संशयित तीन होते. कुष्ठरोग, खरूज, आणि तिसरा जो अजून समोर आला नव्हता.

कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही. तिथे स्पर्शच कमी होतो, हीच त्याची मोठी खूण. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श केला, तर या मुलीला प्रत्येक ठिकाणी बरोबर कळत होते, आणि खाज तर अशी की रात्री झोप नाही. तरीही आम्ही तिला सरकारी दवाखान्यात पाठवून खात्री करून घेतली. ही तपासणी आणि गरज पडली तर औषधोपचार तिथे फुकट असतो, आणि वेळेवर घेतला तर कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, हेही घराघरात सांगायला हवे. तिकडून उत्तर आले: कुष्ठरोग नाही. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, काखेत बारीक पुटकुळ्या आणि किड्याने पोखरलेल्या रेघा दिसल्या असत्या. त्याही नव्हत्या.

राहिला तिसरा. इटलीत बर्नार्दिनो रामात्सिनी नावाचे वैद्य होते. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितले की वैद्याने नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न घालावा: तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षे झाली, अजूनही दवाखान्यात हा प्रश्न पहिल्या पाचांत येत नाही. आम्ही तो विचारला. आईने पटकन उत्तर दिले, “कुछ नहीं, घर में ही रहती.”

मुलीची नखे काळी होती. मेंदीचा काळेपणा नव्हे. नखाच्या कडेला, चिरांमध्ये डांबर गेल्यासारखा. दोघी गप्प होत्या, म्हणून तेव्हा आम्हीही पुढे विचारले नाही. दोन दिवसांनी आमच्यातली शिक्षिका त्यांच्या घरी गेली, स्वयंपाकघरात बसली, चहा झाला, आणि मग गोष्ट निघाली. गावाबाहेर एका व्यापाऱ्याची पत्र्याची शेड आहे. तिथे बिबा फोडायचे काम चालते. मुलगी दोन महिने तिथे जात होती. मंगनीचा खर्च त्यातूनच निघाला होता. पण आपली पोरगी मजुरीला जाते हे होणाऱ्या सासरी कळू नये, म्हणून बापाने सर्वांना ताकीद दिली होती. रोगाची बदनामी चालेल पण मजुरीची नको, असे कोणी ठरवून बोलले नसेल. व्यवहारात मात्र तेच झाले होते. घामाच्या कमाईला आपल्या दीनमध्ये केवढा मान आहे, आणि मजुराचा घाम वाळायच्या आत त्याचे पैसे द्यावेत ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. तरी आपल्याच मोहल्ल्यात मुलीची मजुरी लपवावी लागते, याचे वाईट वाटले. ते तिथे कोणाला बोलून दाखवले नाही, इथे लिहितो आहोत.

शेडमध्ये जायला व्यापाऱ्याने हरकत घेतली नाही. अठरा-वीस बायका, गोंड, माळी, ढिवर, आणि आपल्या दोन. प्रत्येकीसमोर दगड, हातात लोखंडी ठोकणी, बाजूला राखेचा ढीग. डाव्या हाताच्या चिमटीत बिबा धरायचा, कडेवर नेमका घाव घालायचा, साल उकलली की गर काढून टोपलीत. घाव जरा जोरात बसला की तेल उडते. ते बोटांवर येते, मनगटावर येते, कधी तोंडावर. मग राखेत हात चोळायचा आणि पुढचा बिबा. मजुरी निघालेल्या गोडंबीच्या वजनावर, किलोमागे. म्हणजे हात थांबला की पैसे थांबले.

“खाजवू खाजवू जीव जाते जी,” एकजण हसतच म्हणाली. दुसरी म्हणाली, तिला काहीच होत नाही, दहा वर्षे झाली. तिसरीचा चेहरा सुजला होता आणि तिने पदराने झाकला होता.

शिक्षिकेच्या डोक्यात एक शाळकरी युक्ती आली. तिने कागदावर माणसाची साधी आकृती काढली, पुढून आणि मागून, आणि तिच्या झेरॉक्स काढून आणल्या. प्रत्येकीने आपल्याला जिथे जिथे खाज किंवा फोड आहे तिथे लाल पेन्सिलीने रंगवायचे. अक्षर येत नसले तरी चालते. संध्याकाळी ते कागद आम्ही जमिनीवर मांडले, आणि सांगण्यासारखे जे होते ते कागदांनीच सांगितले. डाव्या हाताची बोटे जवळपास सर्वांची लाल. उजव्या हाताची फार थोड्यांची, कारण उजव्या हातात ठोकणी असते. पापण्या पुष्कळींच्या लाल, कारण घाम पुसायला हात डोळ्याकडे जातो आणि पापणीची कातडी सर्वांत पातळ. दोघींच्या कमरेला एकाच बाजूला पट्टा, जिथे त्या पदर खोचतात आणि जाता-येता हात पुसतात. दोघी डावखुऱ्या निघाल्या. त्यांच्या कागदांवर सगळे उलटे होते. ते पाहून आमची उरलीसुरली शंका गेली. संसर्गाचा रोग डावा-उजवा हात बघून येत नाही.

मग कधी होते, कधी जाते, ते विचारले. काम सुरू झाले की आठ-दहा दिवसांनी, आधीच्या वर्षी झाले असेल तर एक-दोन दिवसांतच. पावसाळ्यात काम बंद, तर खाजही बंद, मागे काळे डाग तेवढे राहतात. ही उशिरा येण्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळेच माणूस फसतो. सोमवारी तेल लागते, बुधवारी फोड येतात, आणि दोष मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला दिला जातो. बिब्याच्या तेलात भिलावनॉल नावाचे द्रव्य असते. ते कातडीत शिरून तिच्या प्रथिनांना चिकटते. शरीराची संरक्षक फौज त्याला एकदा शत्रू म्हणून ओळखते आणि पुढच्या वेळी धावून येते. फौज गोळा व्हायला एक-दोन दिवस लागतात. लग्नकार्यात काळ्या मेंदीने किंवा केसांच्या कलपाने ज्यांना फोड आले असतील त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. द्रव्य वेगळे, चाल तीच. ज्यांच्या शरीराने अजून शत्रू ओळखलेला नाही त्या दहा वर्षे सुखाने बसतात, म्हणून बाकीच्या नाटक करतात असे नाही. शिवाय तेल जास्त लागले तर ते कोणालाही भाजल्यासारखे करतेच.

हिंदुस्थानातल्या बिब्याने एकदा अमेरिकी लष्करालाही चक्रावून टाकले होते. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या सैनिकांच्या मानेमागे आणि कमरेला खाजणारे, ओले चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी चट्ट्यांची जागा आणि गणवेश जुळवून पाहिले. चट्टा नेमका तिथेच होता जिथे कपड्यावर धोब्याची खूण कातडीला टेकत होती. आपले धोबी कपडे ओळखायला बिब्याच्या तेलाने खूण करत, ती कितीही धुतली तरी जात नाही. १९४३ साली त्यांनी या आजारावर लेख लिहिला आणि नाव दिले ‘धोबी मार्क डर्मटायटिस’. डर्मटायटिस म्हणजे त्वचादाह. सैनिकांच्या अंगाची कागदी आकृती आणि आमच्या शेडमधल्या बायकांची आकृती, दोन्ही एकाच शाळेतल्या.

अशा वेळी मोठ्या दवाखान्यांत पाठीवर संशयित पदार्थाच्या अगदी सौम्य केलेल्या थेंबाची पट्टी दोन दिवस चिकटवून बघतात. यादासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली. बिब्याच्या बाबतीत घरी हा प्रयोग कोणी करू नये. कच्चे तेल लावले तर चाचणी राहते बाजूला आणि जखम होते.

बाप आणि भावाचे कोडे अजून बाकी होते. दोघे भात गिरणीत हमाली करतात. त्यांचीही आकृती रंगवून घेतली. तिथे बोटे कोरी आणि खांदे, मान, पाठ लाल. बारीक लाल पुटकुळ्या, सकाळी जास्त. पापणी नाही, नखे स्वच्छ. म्हणजे एका छपराखाली दोन वेगळ्या खाजा राहत होत्या, आणि गावाने त्यांची एक साथ करून टाकली होती.

इथे आम्हाला जोसेफ गोल्डबर्गर आठवले. १९०९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या भागात खलाशांना आणि इतरांना अशीच खाज सुटली. संशय गवत भरलेल्या गाद्यांवर गेला. गोल्डबर्गर यांनी आपला उघडा हात दोन गाद्यांच्या मध्ये तासभर घालून ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हातावर पुरळ उठला. गवत चाळून पाहिले तेव्हा डोळ्याला सहज न दिसणारे बारीक किडे सापडले. ते धान्य-गवतातल्या अळ्यांवर जगतात आणि मध्ये माणूस आला तर त्यालाही चावतात. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे खरजेसारखे पसरत नाहीत.

आमच्या बाप-लेकांचा प्रकार तोच होता की तुसाच्या कुसळांचा, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागला असता. पण दोघे रात्री गिरणीतूनच आणलेल्या जुन्या बारदानावर झोपत, हे कळले. बारदान आठवडाभर कडक उन्हात टाकले, झोपायला धुतलेली सतरंजी दिली, खांद्यावर जाड सुती फडके घेऊन पोती उचलायला सांगितली, घरी येताच आंघोळ. पंधरा दिवसांत दोघेही नीट झोपू लागले. औषध फार थोडे लागले.

औषधाचे नाव निघाले म्हणून एक कडक शब्द. या घरात तीन ट्यूब निघाल्या, प्रत्येकीत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र मिसळलेले. खाज कोणतीही असो, दुकानदार हेच देतो. दोन दिवस बरे वाटते. पुढे कातडी पातळ होते, आणि खरी बुरशी असेल तर ती दबून पसरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची असलेली सूट काढून घेतली. काउंटरवर मात्र ती अजून बिस्किटासारखी मिळतात. भगिनींनो, चेहऱ्याला तर ती लावूच नका.

शेडमधल्या आपल्या दोघींपैकी एकीने वेगळाच प्रश्न विचारला. हात फुटलेले, पाणी लागले की आग होते, आणि नमाज तर पाच वेळा. तिने बरेच दिवस वुजूला चटका सोसला आणि मग लाजेने नमाजच टाळू लागली होती. काळा डाग नखात असताना वुजू होतो का, हीही शंका. इमामसाहेबांना विचारले. त्यांनी समजावले की नुसता रंग असेल आणि थर नसेल तर मेंदीसारखाच, अडचण नाही. जखमेवर पट्टी असेल तर पट्टीवर ओला हात फिरवून मसह करावा, बाकीचे अवयव धुवावेत. पाण्याने जखम चिघळेल असे जाणकार वैद्य सांगत असेल तर तयम्मुमची सवलत आहे. हे ऐकून ती रडली. रमजान दहा दिवसांवर आला होता.

हात स्वच्छ करायला बहुतेकजणी रॉकेल वापरत. रॉकेल डाग काढते आणि कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणाही काढून नेते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बिब्याला आत शिरायला दार उघडे. त्याऐवजी बसण्याआधी हाताला खोबरेल किंवा मोहाचे तेल चोळायचे, तासा-दीड तासाने कोरड्या चिंधीने पुसून साबण आणि भरपूर पाणी, आणि पुन्हा तेल. ती चिंधी वेगळी ठेवायची, पदराला पुसायचे नाही. घरी गेल्यावर लेकराला उचलण्याआधी कपडे बदलायचे. फोड फोडायचे नाहीत, त्यावर थंड ओले फडके ठेवायचे. डोळे सुजून बंद झाले, ताप आला किंवा लघवी कमी झाली, लाल झाली तर सरळ सरकारी दवाखाना.

हे सगळे ठीक. पण बाई बिबा बोटांनीच धरणार असेल तर खोबरेल किती पुरणार? आम्ही हातमोजे नेऊन दिले. तिसऱ्या दिवशी ते खुंटीला. मोजा घातला की बिबा निसटतो, घाव चुकतो, दिवसाकाठी गोडंबी कमी निघते. किलोमागे मजुरी असताना मोजा म्हणजे बाईने आपल्या खिशातून भरलेला दंड. व्यापाऱ्याचे म्हणणे साधे होते: “सवय होते हाताला. ज्यांना जमत नाही त्यांनी येऊ नये.” भाव वरचा दलाल ठरवतो, त्याच्या वर नागपूरचा बाजार, असे त्याने सांगितले, आणि तेही अगदीच खोटे नसावे.

या ठिकाणी जगातला एक अनुभव उपयोगी पडतो. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि आमच्याकडची पोरे बांधकामावर सगळीकडे जातात, म्हणून सिमेंटने फुटलेले हात आम्ही पुष्कळ पाहतो. सिमेंटमध्ये क्रोमियमचे एक विरघळणारे रूप थोड्या प्रमाणात असते, ते बिब्यासारखीच ॲलर्जी जडवते. डेन्मार्कने १९८१ पासून सिमेंटमध्येच फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा एक क्षार, मिसळणे सुरू केले. त्याने क्रोमियमचे ते रूप निकामी होते. पुढे तिथल्या बांधकाम मजुरांत क्रोमियमची ॲलर्जी पुष्कळ कमी झाली. २००५ पासून युरोपभर तसा नियम आला. मजुराला मलम देण्याऐवजी त्यांनी पोत्यातला माल बदलला.

बिब्याचे तेल बदलता येत नाही, पण धरण्याची रीत बदलता येते. गावच्या लोहाराकडून आम्ही दोन तऱ्हेचे चिमटे करून घेतले. पहिला जड होता, बायकांनी परत केला. दुसऱ्याला शेवटी बिब्याच्या आकाराची खोबण आणि हातभर लांब मूठ. सूचना ज्या बाईला दहा वर्षे काही झाले नव्हते तिचीच. सुरुवातीला हात हळू चालतो. आठवडाभराने दोघी-तिघींचा वेग जवळपास पूर्वीइतका झाला. चिमट्याचे पैसे कोणी द्यायचे यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी निम्मे बायकांनी आणि निम्मे व्यापाऱ्याने दिले. कारखाना कायद्यात कळवण्याजोग्या आजारांची यादी असते, रसायनांनी होणारा त्वचादाह तीत आहे, आणि डॉक्टरने तो कळवायचा असतो. पण ठरावीक संख्येहून कमी मजूर असले की ती शेड कारखानाच धरली जात नाही. आमची शेड त्यात बसत नव्हती. बायकांनीही हात जोडून सांगितले, कागद करू नका, काम जाईल. शेडचे नाव-गाव इथे लिहिलेले नाही, ते त्यांच्या शब्दाखातर.

मुलीच्या सासरी आम्ही दोघे आणि तिची खाला असे गेलो. गाव आरमोरीच्या रस्त्यावर. आम्ही काय काम, कशाचे डाग, सगळे उघड सांगितले. मुलीच्या बापाला आधी विचारले होते, आणि त्याने दोन दिवस विचार करून मान हलवली होती. सरकारी दवाखान्याचा कागद नवऱ्या मुलाच्या वडिलांनी उलटसुलट पाहिला. आई काहीच बोलली नाही. मग तिने सलवार जरा वर करून आपला घोटा दाखवला. वर्षापूर्वी पाय मुरगळला तेव्हा कोणा जाणत्याने बिब्याने डागले होते. काळी, गोल खूण, मुलीच्या मनगटावर होती तशीच. “ऐसाच?” तिने विचारले. आम्ही म्हटले, “ऐसाच.” निकाह ईदनंतर झाला. मुलगी मजुरीला जात होती याबद्दल त्या घरात पुढे काय बोलणे झाले ते आमच्या कानावर आले नाही.

या हिवाळ्यात व्यापाऱ्याने शेड बंद केली. बिब्याची पोती आता घरोघरी टाकतो आणि आठवड्याने गोडंबी तोलून नेतो. बायकांना ते बरे वाटते. स्वयंपाक सांभाळून काम होते, पडद्यातल्या बायकांनाही चार पैसे मिळतात, आणि कोणी कामाला जाते हे दिसत नाही. पण आता दगड आणि ठोकणी अंगणात आली, राख चुलीपाशी, आणि टोपलीशेजारी रांगते मूल. उरलेल्या साली काहीजणी चुलीत घालतात. त्या धुराने तोंड, डोळे आणि छाती सुजते, हे एकदा तरी घडल्याशिवाय कोणाला खरे वाटत नाही. चिमटे सात घरांत आहेत. लोहाराला आणखी दहा सांगितले आहेत. शिक्षिका पुन्हा आकृतीचे कागद झेरॉक्स करून आणते आहे, या वेळी लहान मुलांच्या मापाचेही. मागच्या जुम्याला आमच्याच गल्लीत दोन घरांसमोर पोती उतरली.